वेताळ टेकडी: दगड, झाडं, पाणी आणि जमीन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या या टेकडीवर नव्याने यायला लागलेले लोक, सोसायटीवाले, वृक्षारोपणाचे ग्रुप आणि अधूनमधून प्लॉट घ्यायला निघालेले, असे सगळे तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील, जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. वेताळ टेकडी नक्की कोणती? एआरएआय टेकडी, लॉ कॉलेज टेकडी, चतुःशृंगी, पाषाण टेकडी या वेगळ्या आहेत का?

एकच डोंगर आहे हो, ज्या बाजूने चढतो त्या बाजूचं नाव लोक देतात. कोथरूड-पौड रोडकडून येणारे एआरएआय (वाहन संशोधन संस्था) टेकडी म्हणतात, लॉ कॉलेज रोडवाले लॉ कॉलेज टेकडी, गोखलेनगरच्या बाजूला वनखात्याचा भांबुर्डा वनविहार, सेनापती बापट रोडच्या अंगाला चतुःशृंगीचं देऊळ, आणि पलीकडे पंचवटी-पाषाण. वर वेताळाचं देऊळ आहे म्हणून सगळ्याला मिळून वेताळ टेकडी. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी मात्र वेगळी धरायची, मधून सेनापती बापट रोड जातो, दगड आणि गवत मात्र तिकडेही हेच.

२. टेकडी किती उंच आहे आणि ती तयार कशी झाली? हा जुना ज्वालामुखी आहे असं ऐकलंय.

समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पुणे शहर ५६०च्या आसपास आहे, म्हणजे आपण प्रत्यक्षात चढतो ते दोनशे-सव्वादोनशे मीटर. जुन्या शहराच्या हद्दीतली ही सगळ्यात उंच जागा.

ज्वालामुखी म्हणाल तर हो आणि नाही. दगड ज्वालामुखीचाच आहे, पण टेकडी म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर नव्हे, वर कुठे मुख वगैरे शोधू नका. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहत राहिला, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, आणि तो थरावर थर साचत गेला. त्यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात, आज तो साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. नंतर मुळा, मुठा आणि त्यांच्या ओढ्यांनी हे थर कापत कापत खाली नेले, आणि जे कापायचं राहिलं ती टेकडी. थोडक्यात टेकडी वर आलेली नाही, आजूबाजूची जमीन खाली गेलीय. सिंहगडापासून पर्वतीपर्यंत सगळ्यांची गोष्ट तीच आहे, कमी-जास्त उंचीची.

३. वरचा माथा एवढा सपाट आणि उतार मात्र पायऱ्या-पायऱ्यांचा, असं का?

कारण लाव्ह्याचे सगळे थर सारखे टणक नसतात. भाकऱ्यांची चवड रचली आणि त्यातल्या काही कडक, काही मऊ असल्या की कडा कशी वेडीवाकडी झिजेल तसं. जो थर घट्ट, काळा, बारीक कणांचा आहे तो झिजत नाही, त्याची उभी कड राहते. ज्या थरात वायूचे बुडबुडे अडकून भोकं भोकं राहिली तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे हलका उतार तयार होतो. माथ्यावर टणक थर आलाय, तो छत्रीसारखा खालच्याला धरून आहे, म्हणून वर सपाटी. चढताना लक्ष ठेवलंत तर कळतं, जिथे दम लागतो तिथे पायाखाली कातळ असतो आणि जिथे वाट आडवी होते तिथे मुरूम.

४. दगडात पांढरे ठिपके आणि चमकणारे खडे दिसतात, ते काय? हिरे वगैरे?

हिरे नाहीत. प्रश्न ३ मधल्या त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली विरघळलेली खनिजं तिथे बसली: झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ असली. पुण्याच्या आसपासच्या खाणी या खनिजांसाठी जगभरातल्या संग्राहकांना माहिती आहेत, त्यातही वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाइट. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, पण संग्राहक ज्याच्यावर जीव टाकतात ते नमुने आपल्या वाघोलीचे. वेताळ टेकडीवर तसलं काही मिळेल या आशेने हातोडा घेऊन येऊ नका. दगड घरी न्यावा का, त्याचं उत्तर प्रश्न १७ मध्ये आहे.

५. कापलेल्या कडेला मधेच विटेसारखा लाल पट्टा दिसतो. ती कोणी टाकलेली भराव माती आहे का?

नाही, तो मूळचाच. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग कुजला, काही ठिकाणी राखही पडली, आणि मग वरून नवा तापलेला लाव्हा आला आणि त्याने ते सगळं भाजलं. भूगर्भवाले याला रेड बोल म्हणतात. दिसायला नाजूक पण काम मोठं करतो, चिकणमातीसारखा असल्यामुळे पाणी पटकन खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरून मुरलेलं पाणी अशा पट्ट्याच्या वर अडतं आणि आडवं वाहत जाऊन कडेला बाहेर येतं. पुढचे दोन-तीन प्रश्न यावरच आहेत.

६. टेकडीवरच्या खाणीत वर्षभर पाणी कसं? तिथे झरा आहे का? पोहता येतं का?

ती दगडाची जुनी खाण आहे, आता बंद. खड्डा टणक कातळात खोदलेला आहे आणि त्या कातळाला भोकं नसतात, भेगा असतील तेवढंच पाणी जिरतं, म्हणून पावसाचं साठलेलं पाणी टिकतं. झऱ्याची गरजच नाही. पोहू नका. खाणीचा काठ उभा असतो, तळ कुठे अचानक खोल होतो ते वरून कळत नाही, शेवाळलेल्या कातळावरून बाहेर यायला पकड मिळत नाही. पक्षी बघायला मात्र यासारखी जागा नाही, उन्हाळ्यात तर टेकडीवरचं सगळं जग पाण्यासाठी तिथेच येतं.

७. आमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याला आहे. बोअरला पाणी चांगलं लागायचं, आता खोल जातंय. टेकडीचा संबंध आहे का?

दाट शक्यता आहे. पुण्याला वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. टेकडीच्या माथ्यावर आणि मुरमाच्या उतारांवर जे पाणी मुरतं ते भेगांतून आणि भोकाळ थरांतून हळूहळू सरकत पायथ्याच्या बाजूला येतं, आणि तुमची बोअर त्यावर जगते. आता एकीकडे वरची मुरण्याची जागा काँक्रीटखाली गेली, दुसरीकडे पायथ्याला सोसायट्या वाढल्या आणि प्रत्येकीने बोअर मारल्या, तर पातळी खाली जाणारच. बसाल्टमध्ये एक गोम अशी आहे की पाणी सगळीकडे सारखं नसतं, शेजारच्याला दोनशे फुटांवर लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही, आणि चारशे फूट खोल गेलात म्हणून जास्त मिळेल असंही नाही. खोल जाण्याआधी छतावरचं पाणी जमिनीत सोडायची सोय करा, पैसे कमी लागतात.

८. टेकडीवरचं पाणी कुठल्या नदीला जातं?

दोन्ही. कोथरूड-एरंडवण्याच्या बाजूला पडलेलं पाणी मुठेला, आणि पाषाणच्या बाजूचं रामनदीतून मुळेला. म्हणजे टेकडीचा माथा हा दोन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे, पाणी दोन बाजूंना वाटून देणारा. गंमत अशी की शेवटी दोन्ही पाणी संगमावर परत एकत्र येतात आणि मुळा-मुठा म्हणून पुढे जातात. पण मधल्या वाटेत ओढे बुजवलेत, वळवलेत, स्लॅब टाकून झाकलेत, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पायथ्याच्या रस्त्यांवर जे पाणी वाहतं ते बऱ्याचदा जुन्या ओढ्याचाच रस्ता शोधत असतं.

९. मार्चपासून टेकडी अगदी उजाड दिसते. एवढी मोकळी जागा आहे तर झाडं लावायला काय हरकत? आमच्या ग्रुपला शंभर रोपं आणायची आहेत.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि भावना चांगली आहे म्हणून उत्तर द्यायला अवघडही. पण स्पष्टच सांगतो, उजाड दिसणं हा टेकडीचा आजार नाहीये. इथलं मूळ रूप म्हणजे गवताळ माळ, मधेमधे पानगळीची खुरटी झाडं, आणि ओढ्या-घळीत जरा दाट झाडी. पावसाळ्यात चार महिने पाणी, मग आठ महिने कोरडं, खाली वीतभर मुरूम आणि त्याखाली कातळ, अशा जागी मोठं जंगल येत नाही आणि यायचंही नसतं. झाडं पानं टाकतात, गवत वाळतं, कंद जमिनीत झोपतात, आणि पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा दिवसांत सगळं परत येतं.

त्या "मोकळ्या" जागेत काय असतं ते जूनमध्ये जाऊन बघा. काळी मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुलं, कुठे आषाढ आमरी, कुठे कंदीलपुष्प, यांना ऊन लागतं, सावलीत ती हरवतात. रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, चंडोलालाही माळच हवा, तित्तिराला गवत हवं, आणि गळ्याची पिशवी पंख्यासारखी फुलवणारा सरडा तर झाडीत गेला की संपलाच. शंभर खड्डे खणून शंभर रोपं लावली तर यातलं बरंच जातं, आणि रोपं जगवायला पुढची तीन वर्षं टँकर लागतो तो वेगळाच. त्यातून जगली तरी माळाचा बगीचा होतो.

मग करायचं काय? जिथे आधी झाडी होती आणि तुटली, उदाहरणार्थ घळी, ओढ्याकाठ, जुन्या रस्त्याची कड, तिथे मूळची झाडं लावा (नावं प्रश्न १० मध्ये), तीही वनखात्याशी किंवा जागेच्या मालकाशी बोलून. बाकी ठिकाणी प्लास्टिक उचला, बाहेरून आलेल्या झुडपांची रोपटी उपटा, आणि गवताला गवत राहू द्या. फोटो तितके चांगले येत नाहीत, मान्य.

१०. मग इथली मूळची झाडं कोणती?

सालई, मोई, धावडा, खैर, हिवर, बोर, आपटा, पळस, पांगारा, मेडशिंग, वारस, काळा कुडा, आणि गणेरी. गणेरी ओळखायला सोपी, फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर पान नसतं आणि मोठी पिवळीजर्द फुलं असतात. झुडपांत अमोणी आणि हेकळ. निवडुंगाचा घोळ होतो म्हणून सांगतो: चीक निघणारा वई निवडुंग आपला, आणि चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला. गवतांमध्ये कुसळी, मारवेल, पवन्या. कुसळी कोणती ते ऑक्टोबरनंतर तुमचे मोजे सांगतील.

नर्सरीत यातली अर्धी मिळत नाहीत, कारण ती हळू वाढतात आणि कुणाला बंगल्यापुढे मोई नको असते. वड-पिंपळ मिळतात म्हणून ते आणून माथ्यावर लावू नका, वड भारतीय आहे म्हणजे तो कुठेही लावावा असं नसतं.

११. अर्धी टेकडी गिरीपुष्पाने भरलीय. चांगलं की वाईट? सगळं तोडून टाकावं का?

गिरीपुष्प मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं, हलक्या जमिनीत जगतं, नत्र धरून ठेवतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून वनीकरणात ढिगाने लावलं गेलं. उंदीरमारी हे नाव त्याच्या विषारीपणावरून. फेब्रुवारीतली गुलाबी फुलं सुंदर दिसतात आणि लोक त्यालाच टेकडीचा वसंत समजतात. अडचण अशी की त्याच्या दाट राईखाली गवत आणि कंद फार कमी उरतात, आणि पक्ष्यांना खायला त्यावर फळही नसतं.

एकदम साफ करणं मात्र मूर्खपणा ठरेल. उतारावरची माती उघडी पडली तर एका पावसात वाहून जाईल आणि रिकाम्या जागी घाणेरी नाहीतर रानमोडी घुसेल, ती तर आणखी कटकट. टप्प्याटप्प्याने विरळ करत, मधे मूळची झाडं वाढू देत करायचं काम आहे ते, आणि ते वनखात्याने करायचं, आपण रविवारी कोयता घेऊन जाऊन नाही. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभळीलाही हेच लागू.

१२. पावसाळ्यानंतर पिवळ्या-केशरी फुलांचे गालिचे येतात, ते तर छान आहेत ना? लोक फोटो काढायला येतात.

तो कॉसमॉस, तोही मेक्सिकोचा, बागांमधून सुटून टेकडीवर आलाय. दिसायला छान यात वाद नाही, पण तो ज्या जागेवर पसरतो तिथे आधी तेरडा, मारवेल, छोटी रानफुलं होती आणि गालिचा झाला की ती दिसेनाशी होतात. बिया कपड्यांना आणि बुटांना चिकटून जातात. फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीत मुळासकट उपटणं हाच उपाय. गाजर गवतालाही तेच, पण हातमोजे घालून, त्याची अॅलर्जी वाईट असते. या गाजर गवताची भारतातली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली, त्यामुळे या बाबतीत आपण देशाच्या पुढे होतो म्हणायचं.

१३. उतारावर आडवे चर खणलेत, ते कशाला? आणि सीड बॉल (बी घातलेले मातीचे गोळे) टाकले तर चालतील का?

ते सलग समतल चर, वाहणारं पाणी अडवून मुरवायला. जिथे उतार खरंच उघडा पडलाय आणि माती धुपतेय तिथे उपयोगी. पण जिथे आधीच गवताची घट्ट मुळं आहेत तिथे चर खणणं म्हणजे फुकट होणारं काम यंत्राने बिघडवून करणं, गवत पाणी मुरवतच असतं. शिवाय उकरलेल्या मातीवर पहिलं कोण उगवतं तर गाजर गवत.

सीड बॉलबद्दल, आत कुठलं बी आहे ते माहीत नसेल तर टाकू नका. विकत मिळणाऱ्यांत सुबाभूळ, गुलमोहर काहीही असतं. आणि कातळावर पडलेला गोळा उगवतही नाही.

१४. उन्हाळ्यात वणवा लागतो तो नैसर्गिक का? गवत जाळलं की नवीन चांगलं येतं असं म्हणतात.

इथले वणवे माणसाने लावलेले असतात, विडी-सिगारेट, पार्टीची शेकोटी, कचरा पेटवणं, किंवा मुद्दाम. नवीन कोंब लवकर हिरवे दिसतात हे खरं, पण दरवर्षी जाळलं की झाडांची पोरं एकही मोठी होत नाहीत, जमिनीवरची घरटी-अंडी जातात, आणि उघड्या मातीवर पाऊस पडला की ती ओढ्यात. धूर दिसला तर अग्निशमनला १०१ वर फोन करा आणि कुठल्या बाजूने जवळ येता येईल ते नीट सांगा, प्रश्न १ मधली नावं इथे उपयोगी पडतात. वाऱ्याच्या दिशेला उभं राहून स्वतः झोडपायला जाऊ नका.

१५. माळीणसारखी दरड इथे कोसळू शकते का?

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसं गेली. तिथे पाऊस कितीतरी जास्त, उतार तीव्र आणि कुजलेल्या मातीचा थर जाड. वेताळ टेकडीवर मातीच कमी, कातळ वर आलेला, त्यामुळे तसा अख्खा डोंगर सरकण्याची परिस्थिती नाही. धोका वेगळ्या जागी आहे: पायथा उभा कापून केलेले प्लॉट आणि त्याला टेकवलेल्या भिंती. पाणी जायला भोकं नसलेली भिंत, मागे भिजलेला मुरूम, आणि खाली पार्किंग किंवा मजुरांच्या झोपड्या असतील तर ती जागा धोक्याची. सुटे धोंडेही घरंगळतात. भिंत फुगलेली दिसली किंवा नवीन चीर दिसली तर पावसात तिच्याजवळ थांबू नका, आधी महापालिकेला कळवा.

१६. टेकडी सरकारी आहे ना? मग "टेकडीवर स्वस्त प्लॉट" च्या जाहिराती कशा येतात? बीडीपी, हिलटॉप-हिलस्लोप हे काय आहे?

सगळी सरकारी नाही, इथेच लोक फसतात. काही भाग वनखात्याचा, काही सरकारी-निमसरकारी, काही संस्थांचा आणि काही चक्क खासगी सातबाऱ्याचा. खासगी असणं आणि बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी.

पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात टेकड्यांसाठी हिलटॉप-हिलस्लोप झोन आला, तिथे बांधकामावर कडक बंधनं. नंतर १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यांच्या टेकड्यांवर बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, साधारण ९७८ हेक्टर. राज्य सरकारने ते २०१५ मध्ये मान्य केलं आणि मोबदला म्हणून मालकाला ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे नेता येणारा विकास हक्क) ठरवला. म्हणजे दहा हजार चौरस फूट जमीन असेल तर आठशे चौरस फुटांचा विकास हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा. मालक नाराज का ते आकड्यावरूनच कळतं, आणि जमीन ताब्यात येत नाही त्याचं कारणही तेच. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही हा नियम आहेच.

जाहिरातीतला प्लॉट बघायला गेलात तर एनए (बिगरशेती) आहे का हे विचारण्याआधी महापालिकेतून झोन दाखला काढा, सातबारा आणि मोजणी नकाशा जुळवा. "लवकरच झोन बदलणार" असं सांगणारा एजंट ते वीस वर्षं सांगत असतो. गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यात, नोटरीवर विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

१७. खाली पडलेला दगड, रानफुलाचा कंद, वाळलेलं लाकूड घरी नेलं तर काय होतं?

वनखात्याच्या भागातून काहीच नेता येत नाही, १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलातला दगड आणि मातीसुद्धा वनोपज धरलीय. खासगी भागात मालकाला विचारायचं. कंद तर कुठूनच खणू नका, कुंडीत तो एखादा हंगाम जगतो आणि टेकडीवरून मात्र कायमचा जातो.

१८. रस्ता टेकडीवरून न नेता बोगद्यातून नेला तर वरचं काहीच बिघडणार नाही, बरोबर?

टेकडीवरून न्यायचा प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांची चर्चा निघाली की हे हमखास येतं. वरची झाडं वाचतात हे खरं. पण प्रश्न ५ आणि ७ परत वाचा: टेकडीच्या आत पाणी आडव्या थरांमधून आणि भेगांमधून चालतं. बोगदा पाणी धरणाऱ्या थरातून किंवा त्याच्या खालून भेगाळ दगडातून गेला तर ते पाणी बोगद्यात निथळायला लागतं, मग पंप लावून बाहेर काढतात, आणि पायथ्याच्या विहिरी-बोअर कोरड्या पडू शकतात. घट्ट कातळातून गेला तर परिणाम कमी. म्हणजे उत्तर "बोगदा चांगला" किंवा "वाईट" असं नाहीच, तो कुठल्या उंचीवर कुठल्या थरातून जातोय यावर आहे, आणि दोन्ही तोंडांशी लागणारी जागा, रस्ते, राडारोडा हे सगळं वरच्यावरच होतं. सुनावणीला जाणार असाल तर थरांचा छेद आणि भूजलाचा अभ्यास दाखवा म्हणून लेखी मागा.

१९. कुत्र्याला मोकळं सोडलं तर चालतं का? वर कुणी नसतंच.

वर मोर असतात, तित्तिरं असतात, आणि मे ते ऑगस्ट जमिनीवर अंडी असतात. पट्टा लावून न्या, वाटेवरून न्या, आणि घाण पिशवीत घेऊन खाली या, पिशवी झुडपात टांगून नाही.